फोटोत मागे कोण?

गौरी-गणपती जवळ आले की आमच्या माणमधल्या बायकांची तुळशीबागेची वारी ठरलेली. पूर्वी गावातून पुण्याला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडायचा. आता आयटी पार्कचा तिसरा टप्पा दाराशी आला, मेट्रोचे खांब उभे राहिले, पण आम्ही आपल्या पीएमपीच्या बसनंच मनपाला उतरतो आणि पुढं रिक्षा करतो. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तासभर गेला तरी कुणी कुरकुरत नाही. तेवढ्याच गप्पा होतात!

गेल्या वर्षी आम्ही पाचजणी गेलो होतो. गौरींचे हार, बाजूबंद, नथी, आरासीचं सामान, कुणाला पितळी समई, तर कुणाला नातीसाठी भातुकली. यादीपेक्षा दुप्पट खरेदी झाली, ते सांगायला नकोच. मग एका दुकानापुढं उभ्या राहून फोटो काढला. पाचहीजणी मनापासून हसतोय. तिथंच, गर्दीत धक्के खात, मी तो स्टेटसला टाकला. वर लिहिलं, ‘तुळशीबाग गँग!’

संध्याकाळी घरी पोचले, तर आळीत वेगळीच कुजबुज. फोटोत आमच्या मागे, बांगड्यांच्या दुकानाशी, ओळखीच्या एका घरातली सून उभी होती आणि तिच्याबरोबर तिची आई. दोन्ही घरांत देण्याघेण्यावरून वर्षभर बोलणं बंद होतं. डोळे तपासायला जाते, असं घरी सांगून पोरगी आईला भेटायला आली होती. मला ती दिसलीही नव्हती. पण तिच्या सासूनं फोटो बोटांनी मोठा करून करून बघितला होता.

पुढचं सगळं लिहीत नाही. माझ्यामुळं एकदा चव्हाट्यावर आलंय, तेवढं पुरे. हे एवढंसुद्धा तिला विचारून लिहितेय आणि तिनं सांगितलेल्या दोन-तीन खुणा बदलून लिहितेय. बरेच दिवस तिचा फोन तिच्या हातात नव्हता, इतकंच सांगते. दोन महिन्यांनी पिठाच्या गिरणीत भेटली तेव्हा मान खाली घालून म्हणाली, ‘‘काकू, आईनं नुसत्या बांगड्या घेतल्या होत्या हो मला.’’ गौरी माहेरपणाला येतात, म्हणून आपण त्यांना नटवतो. त्याच खरेदीच्या दिवशी मी हे करून बसले.

माझ्या मैत्रिणी समजूत घालतात, ‘अगं, ती खोटं बोलली म्हणून पकडली गेली, तुझा काय दोष?’ मला हे पटत नाही. आईला भेटायला खोटं बोलावं लागतं, ही लाज तिची नाही, तिच्यावर ती वेळ आणणाऱ्यांची आहे. आणि तिनं घरी काय सांगावं, काय नाही, हे ठरवणारी मी कोण?

खरं सांगू का, तुळशीबागेच्या गर्दीला आपण नावं ठेवतो, पण आपण तिथं त्या गर्दीसाठीसुद्धा जातो. गावात कोपऱ्यावरच्या दुकानात निघालं तरी चारजणी विचारतात, ‘कुठं निघाली गं?’ तिथं कुणी कुणाला ओळखत नाही. पेशवाईतलं ते राममंदिर, त्याच्याभोवती दाटीवाटीनं बसलेली दुकानं, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथं हिंडून आलेल्या बायका. आपल्या आज्यासुद्धा दोन घटका कुणाची सून, कुणाची आई न होता तिथं फिरून आल्या असतील. त्या दोन घटका मी एका फोटोनं तिच्याकडून काढून घेतल्या.

आणि स्टेटस बघतं कोण? आमच्या गावाची गंमत अशी की निम्म्या घरांत खोल्या भाड्यानं दिलेल्या. त्यामुळं माझ्या फोनमध्ये जुने-नवे भाडेकरू, एजंट, केबलवाला, गॅसवाला, टँकरवाला, सगळे. त्यांच्याही फोनमध्ये माझा नंबर. म्हणजे ‘आम्ही पाचजणी तुळशीबागेत’ हे मी त्या सगळ्यांना कळवलं होतं. पाच घरांना कुलूप आहे, अशी पाटीच लावली म्हणा ना! चोवीस तासांनी स्टेटस जातं खरं, पण कुणी त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला तर तो कुठं जातो? सेटिंगमध्ये ठरावीक लोकांनाच स्टेटस दिसेल अशी सोय आहे. माझ्या भाचीनं दोन मिनिटांत करून दिली. मला ती इतकी वर्षं माहीतच नव्हती.

आमच्यातल्या एकीला आणखी एक खोड. घासाघीस करताना गुपचूप व्हिडिओ काढायचा आणि ‘बघा कशी लूट चाललीय’ म्हणून ग्रुपवर टाकायचा. भाव पटला नाही तर पुढच्या दुकानात जावं की. दहा रुपयांसाठी त्या फेरीवालीचा चेहरा दोनशे लोकांत कशाला फिरवायचा? तिलाही घर आहे, गाव आहे. मी हे बोलले तर बाईंनी दोन दिवस अबोला धरला. असो.

फोन जपायचा तो अशा कारणांसाठीच नाही, गर्दीतही जपायचा. गणपतीच्या तोंडावर मंडईजवळ पाय ठेवायला जागा नसते. हातात फोन उंच धरून फोटो काढणारी बाई आणि तिच्या खांद्यावरची उघडी पर्स, चोराला आणखी काय हवं? आम्ही आता सुट्टे पैसे छोट्या बटव्यात ठेवतो, पर्स पुढं घेतो आणि चुकामूक झाली तर मंडईतल्या टिळक पुतळ्यापाशी थांबायचं, हे बसमध्येच ठरवतो. फोननं पैसे देताना स्कॅन केल्यावर जे नाव येतं, ते दुकानदाराला मोठ्यानं वाचून दाखवायचं. ‘बरोबर, ताई’ म्हणाला की मगच आकडा टाकायचा.

यंदाही गेलो. फोटो काढला तो घरी येऊन, ओसरीवर सगळी खरेदी मांडून, आणि टाकला रात्री. निघायच्या आदल्या दिवशी ती सून रस्त्यात भेटली होती. हल्ली बोलते, हसतेही. म्हणाली, ‘‘काकू, तुम्ही तुळशीबागेत कधी जाणार?’’ मला वाटलं, बरोबर यायचं असेल. ‘‘उद्या, बुधवारी,’’ मी म्हटलं.

‘‘बरं,’’ ती म्हणाली, ‘‘मग मी गुरुवारी जाते.’’