झोपेवर विरजण

आमच्या मामींच्या स्वयंपाकघरात रात्री दोन वाजता दिवा लागतो. गेले सहा महिने त्यांना झोप नाही. परवा मुलाने 'प्रोबायोटिक' कॅप्सूलची बाटली आणून दिली. पोटातले जंतू सुधारले की मन सुधारते, झोप लागते, असे त्याने वाचले होते. मामी म्हणाल्या, "रात्री दही खाऊ नको म्हणून सासूबाई रागवायच्या. आता तेच झोपेसाठी घ्यायचे का रे?"

कल्पना अगदीच टाकाऊ नाही. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील मेचनिकॉफ यांनी १९०७ साली आंबवलेल्या दुधातल्या जंतूंचा संबंध दीर्घायुष्याशी जोडला होता. आतडे आणि मेंदू यांच्यात व्हेगस मज्जातंतूमार्फत निरोपांची ये-जा चालते. मनःस्थितीशी निगडित असलेले सेरोटोनिन बहुतांशी आतड्यातच तयार होते. मात्र ते तिथून मेंदूत शिरत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

जपानमध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांना परीक्षेच्या काळात विशिष्ट जंतूंचे आंबवलेले दूध दिले गेले. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ताणातही त्यांची झोप तुलनेने टिकली. पण ती निरोगी, तरुण मुले होती. महिनोन् महिने जागणाऱ्या माणसाला तोच हिशेब कसा लावायचा? शिवाय एका जंतूचा गुण दुसऱ्यात असेलच असे नाही. घरच्या विरजणात कोणते जंतू किती, हे तर कोणीच मोजलेले नसते.

जुनाट निद्रानाशावर आधी सवयी आणि विचार बदलण्याचे उपचार करावेत, अशी शिफारस अमेरिकेतील वैद्यांच्या संघटनेने २०१६ साली केली. रोज ठरावीक वेळी उठणे, झोप आल्यावरच अंथरुणावर जाणे, झोप येईना तर उठून बसणे, असे ते साधे पण चिकाटीचे काम आहे. त्याची बाटली मिळत नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की दही जरूर खावे. पण कॅप्सूल हाती ठेवून आपण विचारपूस टाळत तर नाही ना, हे पाहावे.

मी मामींना विचारले, "दिवसा कसे वाटते?" बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "कशातच मन लागत नाही रे."

सहा महिन्यांत हा प्रश्न घरात कोणी विचारलाच नव्हता. सोमवारी आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेतो आहोत.