मेलेल्या शिपायांचा मालक कोण?

जपानांत टोकियो शहरीं यासुकुनी नांवाचें शिंतो देऊळ आहे. सन १८६९ सालीं मेईजी बादशहानें तें स्थापिलें. लढायांत पडलेल्या सुमारें २४ लाख ६६ हजार माणसांचीं नांवें तेथें नोंदून त्यांस देव मानिलें आहे. मेलेला शिपाई बहुतकरून शेतकऱ्याचा नाहींतर कारागिराचाच पोर. त्याच्यासाठीं कोणी हात जोडले तर आम्हांस वाईट कां वाटावें?

पण पुढें ऐका. सन १९७८ च्या आक्टोबरांत मुख्य पुजाऱ्यानें गुपचूप आणखी १४ नांवें त्या यादींत घातलीं. हे कोण? तर महायुद्ध पेटविल्याबद्दल टोकियोच्या न्यायासनापुढें उभे केलेले पुढारी. पैकीं तोजोसह ७ जणांस १९४८ सालीं फांशी झाली होती. मरणास धाडणारा आणि मेलेला, दोघे एकाच देव्हाऱ्यांत!

कोणी म्हणेल, तो जेत्यांचा न्याय. आपल्याच राधाविनोद पाल यांनीं सर्वांस निर्दोष ठरविलें होतें. घटकाभर तसें मानूं. पण कोरियाच्या पोरांचें काय? त्यांचा मुलूख जपाननें १९१० सालीं गिळला, त्यांस लढाईवर ओढून नेलें, आणि सुमारें २१ हजारांचीं नांवें याच देवळांत नोंदलीं. लढाईंतून जिवंत परतलेला माणूसही त्या यादींत सांपडला! मुलें म्हणतात, "आमच्या बापाचें नांव काढा." पुजारी सांगतो, एकदां देवांत मिसळलेला आत्मा वेगळा करतां येत नाहीं. जानेवारी २०२५ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें अशा वारसांचा दावा मुदत टळली म्हणून फेटाळला. वाचकहो, सावकाराच्या वहींत एकदां चढलेलें नांव खालीं उतरत नाहीं, हा अनुभव आपणांस नवा आहे काय?

अशा ठिकाणीं मुख्य प्रधान कोइझुमी १५ आगस्ट २००६ रोजीं गेले, आबे २६ डिसेंबर २०१३ रोजीं गेले. चीन व कोरिया खवळले. जपानची १९४७ ची घटना सरकारास धर्मकृत्यांपासून दूर ठेवते. एहिमे प्रांतानें या देवळास सरकारी पैशानें वाहिलेली भेट १९९७ सालीं न्यायालयानें बेकायदा ठरविली. म्हणून पुढारी म्हणतात, आम्ही खासगी गेलों. मग पुजाऱ्याच्या वहींत आपल्या हुद्द्यासह सही कशाला?

आमचें म्हणणें सरळ आहे. निर्मिक आणि माणूस यांत जसा दलाल नको, तसा मेलेला आणि त्याची आई यांतही नको. सन १९४४ सालीं मणिपुरांत सांगशाक येथें मराठा पलटण याच जपान्यांशीं लढली. त्यांत पडलेल्यांच्या घरांस मान देण्यास कोणत्याही मंत्राची गरज नव्हती. आपल्या कित्येक गांवीं पहिल्या महायुद्धास किती माणसें गेलीं व किती परतलीं नाहींत हें सांगणारी साधी पाटी आहे. तिच्यापुढें कोणत्याही जातीच्या, कोणत्याही धर्माच्या माणसानें उभें रहावें. तिला पुजारी नाहीं, दक्षिणा नाहीं.

पुढाऱ्यांस शिपायाची खरोखर कदर असेल तर त्यांनीं अशा दगडापुढें डोकें लववावें, वारसांचें ऐकावें, आणि पुढची लढाई पुकारण्यापूर्वीं ती यादी एकदां मोठ्यानें वाचावी.