देशोदेशींचें : बार्बाडोस बेट सायकलीवरून कां पाहावें?

बेटाचें आकर्षण मनुष्याला फार पुरातन आहे. चहूंकडून पाण्यानें वेढलेली भूमि आपल्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहतां येईल, आणि ‘हें सारें मीं पाहिलें’ असें म्हणतां येईल, असा भरंवसा मोठ्या देशांत कधीं वाटत नाहीं; बेटावर तो सहज वाटतो. परंतु या भरंवशासारखें फसवें दुसरें कांहीं नाहीं. वेस्ट इंडीजमधील बार्बाडोसच्या ब्रिजटाउन बंदरांत हिंवाळ्याच्या दिवसांत प्रचंड प्रवासी बोटी येऊन लागतात. सकाळीं उतारू खालीं येतात, गार हवेच्या मोटारींत बसून एक गुहा, एक बाग व एक समुद्रकिनारा पाहतात, आणि दिवेलागणीच्या सुमारास पुन्हा बोटीवर चढतात. यांनीं बेट पाहिलें असें म्हणावयाचें कीं नाहीं, हाच आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आमच्या वाचकांना अगदींच परका वाटूं नये. कित्येक घरांतील मुलें, सुना व पुतणे लंडन, न्यूयॉर्क, टोरांटो अशा शहरीं स्थायिक झाले आहेत. तेथून बार्बाडोसला थेट विमानें जातात. त्यामुळें सुट्टींत सर्वांनीं मिळून कोठें जावें, असा विचार निघाला म्हणजे या बेटाचें नांव पुढें येणें स्वाभाविक आहे. ज्यांच्या घरीं असा बेत घाटत असेल, त्यांना आमचें आग्रहाचें सांगणें असें कीं, निदान तीन-चार दिवस तरी हें बेट सायकलीवरून पाहावें. याचीं कारणें तीन. पहिलीं दोन सोयीचीं व शिक्षणाचीं आहेत. तिसरें आम्हांला सर्वांत महत्त्वाचें वाटतें.

पहिलें कारण आकाराचें. बार्बाडोसची लांबी सुमारें ३४ किलोमीटर व रुंदी जास्तींत जास्त २३ किलोमीटर. क्षेत्रफळ सुमारें ४३० चौरस किलोमीटर, आणि किनाऱ्याचा घेर शंभर किलोमीटरांच्या आंतच. सर्वांत उंच ठिकाण जें माउंट हिलबी, तें समुद्रसपाटीपासून साडेतीनशें मीटरांहूनही ठेंगणें. म्हणजे साध्या प्रकृतीच्या माणसानें रोज पंचवीस-तीस किलोमीटर सायकल चालविली, तरी चार दिवसांत बेटाला प्रदक्षिणा पुरी होते. देवळांत दुरून दर्शन घेणें निराळें आणि प्रदक्षिणा घालणें निराळें. प्रदक्षिणेला पाय झिजवावे लागतात. शिवाय येथें वाहनें आपल्याकडच्याप्रमाणेंच रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालतात, नळाचें पाणी पिण्याजोगें असतें, आणि सर्व लोक इंग्रजी बोलतात. वाट विचारण्यास अडचण पडत नाहीं.

दुसरें कारण भूमीच्या रचनेचें. या भागांतील पुष्कळ बेटें ज्वालामुखीपासून झालेलीं आहेत. बार्बाडोस मात्र समुद्रतळांतून हळूहळू वर उचललें गेलें, आणि त्याच्या शेंकडा सुमारें ८५ भागावर पोंवळ्याच्या चुनखडीचें कवच आहे. पश्चिम किनाऱ्याकडून आंत निघालें कीं जमीन पायऱ्यापायऱ्यांनीं चढत जाते. त्यांतील एकेक पायरी म्हणजे एके काळचा समुद्रकिनाराच होय. मोटारींत बसलेल्याला ती पायरी कळतही नाहीं. सायकलस्वाराच्या मांड्यांना ती बरोबर कळते, आणि भूगर्भशास्त्राचा जो धडा पुस्तकांतून मुलांच्या डोक्यांत शिरत नाहीं, तो दोन चढांत पक्का होतो. या चुनखडींतून पावसाचें पाणी झिरपून खालीं जातें. म्हणून वाटेंत नद्या जवळजवळ लागतच नाहींत, मात्र झाडांनीं भरलेल्या खोल घळी जागोजाग लागतात. ईशान्येकडील स्कॉटलंड नांवाच्या भागांत हें कवच धुपून गेलें आहे. तेथें एकाएकीं मातीचे उभे डोंगर, आणि पलीकडे अटलांटिक महासागराच्या पांढऱ्या लाटा दिसूं लागतात.

वाऱ्याचीही ओळख अशीच होते. येथें वर्षांतील बहुतेक दिवस पूर्वेकडून वारा वाहतो. पूर्वेस निघालेल्या सायकलस्वाराला तो छातीवर घ्यावा लागतो, म्हणून तिकडे सकाळीं अंगांत जोम असतांना जावें व परतीला तो पाठीशीं घ्यावा. हा वारा छातीवर घेतल्यावरच मॉर्गन लुईस येथील जुन्या पवनचक्कीचा अर्थ समजतो. अशा पांचशेंच्या आसपास पवनचक्क्या एके काळीं या चिमुकल्या बेटावर फिरत होत्या. त्या धान्य दळीत नसत. उंसाचा रस काढीत. चेरी ट्री हिलवरून ही चक्की पाहत उतरावें, आणि मग पूर्व किनाऱ्याच्या रस्त्यानें बाथशिबाच्या प्रचंड खडकांपर्यंत जावें. याच किनाऱ्यानें पूर्वीं आगगाडी धांवत असे. ती १९३७ सालीं बंद झाली. बेटावरील सायकलीच्या वाटांत याहून रम्य वाट आमच्या मतें दुसरी नाहीं.

उंसाचें नांव आलें कीं तिसरें कारण आलें. उंसाच्या रसापासून दाणेदार साखर करण्याची विद्या प्रथम आपल्या देशानें साधली. आपला ‘शर्करा’ शब्दच इराणी व अरबी मुखांतून फिरत फिरत युरोपांत जाऊन इंग्रजींतील ‘शुगर’ झाला. पण ही गोड वस्तु ज्या रीतीनें बार्बाडोसमध्यें पिकविली गेली, ती रीत जगाच्या इतिहासांतील अत्यंत कडवट प्रकरणांपैकीं एक आहे. १६२७ सालीं इंग्रजांनीं येथें वसाहत केली. १६४० नंतरच्या दहा-वीस वर्षांत बेटभर ऊस लागला, आणि त्यासाठीं आफ्रिकेंतून माणसें गुलाम करून आणण्यांत आलीं. १६६१ सालीं येथील विधिमंडळानें गुलामांसंबंधीं जो कायदा केला, त्याचा कित्ता पुढें इतर इंग्रजी वसाहतींनीं गिरविला. १८१६ च्या ईस्टर सणांत बसा याच्या नांवानें ओळखलें जाणारें मोठें बंड झालें व तें चिरडलें गेलें. गुलामगिरी १८३४ सालीं कायद्यानें संपली, आणि तिच्या मागोमाग आलेली सक्तीची उमेदवारी १८३८ सालीं.

मग स्वतंत्र झालेला माणूस राहिला कोठें? सारी जमीन तर मळेवाल्यांची. मजुरानें मळ्याच्याच जागेंत झोंपडें बांधावें, मळ्यावरच काम करावें, आणि मालकाची मर्जी फिरली कीं जागा सोडावी, अशी व्यवस्था झाली. तेव्हां त्या माणसानें असें घर बांधलें कीं जें उचलून नेतां यावें. फळ्यांच्या भिंती, मध्यें दार, दोन्ही बाजूंस खिडक्या, वर उतरतें छप्पर, आणि खालीं पाया नव्हे, तर नुसते रचून ठेवलेले दगड! जागा सोडण्याचा हुकूम आला कीं फळ्या सोडवावयाच्या, गाडींत घालावयाच्या व दुसरीकडे उभ्या करावयाच्या. या घराला तेथें ‘चॅटल हाऊस’ म्हणतात; आपल्या कोर्टकचेरीच्या भाषेंत सांगावयाचें तर ‘जंगम घर’. ज्या वस्तूला आपण स्थावर मालमत्तेचा नमुना मानतों, तीच ज्यांना जंगम करावी लागली, त्यांच्या आयुष्यांत स्थैर्य किती असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. पुढें १९८० सालीं झालेल्या कायद्यानें मळ्यांवरील अशा कुळांना आपल्या घराखालची जागा अल्प किंमतींत विकत घेण्याचा हक्क मिळाला.

हा सर्व इतिहास आजही रस्त्याच्या कडेला उभा आहे. फक्त तो ताशीं दहा-बारा किलोमीटरांच्या वेगानें वाचावा लागतो. एखादें घर अजून दगडांवर उभें दिसतें. दुसऱ्याचा पुढचा भाग लांकडी, पण मागें सिमेंटच्या खोल्या जोडलेल्या असतात. जागा आपली झाल्यावर कुटुंब वाढलें, हाताशीं पैसा आला तशी एकेक खोली मागें वाढत गेली; लग्नें झालीं तशी माडी चढविणाऱ्या आपल्याकडील एकत्र कुटुंबांना हें वाचावयास भाषांतराची गरज नाहीं. मोटारीच्या कांचेंतून यांतील कांहींच दिसत नाहीं; रंगीत घरांची एक रांग तेवढी झपकन् मागें जाते.

दक्षिणेकडील क्राइस्ट चर्च विभागांत न्यूटन नांवाच्या जुन्या मळ्याजवळ एक मोकळें रान आहे. तेथें मळ्यावरील शेंकडों गुलामांना पुरलेलें आहे. १९७० नंतरच्या दशकांत संशोधकांनीं तेथें उत्खनन केलें, तेव्हां एका पुरुषाच्या सांगाड्याबरोबर एक हार सांपडला. त्यांत कवड्या होत्या, कुत्र्याचे दांत होते, कांचेचे मणी होते, आणि तांबूस रंगाचा एक अकीकाचा मणीही होता. तो मणी गुजराथेंतील खंबायतच्या कारागिरीचा असावा, असें संशोधक मानतात. खंबायतच्या कोणा कारागिरानें घांसलेला मणी आफ्रिकेच्या वाटेनें अटलांटिक ओलांडून एका गुलामाच्या गळ्यांत गेला, आणि त्याच्या सोबत्यांनीं तो मातींत त्याच्याजवळच राहूं दिला! हार घडविण्याइतकी रसिकता आणि मृताचा मान राखण्याइतकी माणुसकी ज्यांच्यांत उरली होती, त्यांना त्या काळचे हिशेबनीस गुरांच्या यादीशेजारीं मांडीत. या जागीं स्मारक उभारण्याचा संकल्प सरकारनें २०२१ सालच्या अखेरीस जाहीर केला. त्याच वर्षीं ३० नोव्हेंबरला बार्बाडोस प्रजासत्ताक झालें. सायकल कडेला टेकवून या रानांत दहा मिनिटें उभें राहावें. याहून अधिक कांहीं करण्याची आवश्यकता नाहीं.

आज उंसाची शेती थोडी उरली असून बेटाचा चरितार्थ मुख्यतः प्रवाशांवर चालतो. पश्चिम किनाऱ्यावर श्रीमंती हॉटेलें व बंगले इतके दाटीनें उभे आहेत कीं, पुष्कळ अंतर समुद्राला लागून जात असतांही समुद्र दिसत नाहीं. कायद्यानें येथील समुद्रकिनारे सर्व लोकांना खुले आहेत. पण त्यांवर जाण्याची वाट दोन भिंतींमधल्या एखाद्या बोळांतून असते. सायकलवाल्याला ती बोळ सांपडते. तो उतरतो, आंत जातो, तेथें पोहावयास आलेल्या गांवच्या मुलांत बसतो. पुढें तहान लागली म्हणजे कोपऱ्यावरील लहान दुकानांत थांबतो, आणि त्याचे दोन पैसे तेथल्याच माणसाच्या हातीं पडतात. पाहुण्यानें यजमानाच्या अंगणांतून चालत यावें कीं त्याच्या डोक्यावरून जावें, एवढाच खरा प्रश्न असतो. ज्या भूमीनें दोनशें वर्षें दुसऱ्यांच्या चैनीसाठीं घाम गाळला, तेथें तरी हा विचार पाहुण्यानें अवश्य करावा.

वाटेंत भेटेल त्याला नमस्कार करण्याची चाल त्या लोकांत आहे. आपणही ‘गुड मॉर्निंग’ म्हटल्याशिवाय कोणाला वाट विचारूं नये. आपण भारतांतून आलों असें सांगितलें कीं क्रिकेटचा विषय निघण्याचा संभव मोठा. १९६२ च्या मार्चमध्यें ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर आपले कप्तान नरी काँट्रॅक्टर यांच्या डोक्याला चेंडू लागून प्राणावर बेतलें होतें. तेव्हां वेस्ट इंडीजचे कप्तान फ्रँक वॉरेल यांनीं त्यांच्यासाठीं आपलें रक्त दिलें. त्याच मैदानावर २९ जून २०२४ रोजीं रोहित शर्मा यांच्या संघानें वीस षटकांचा विश्वचषक जिंकला. दुसऱ्या गोष्टीचा आनंद सांगतांना पहिलीचें ऋण विसरूं नये.

आतां अडचणींविषयीं. रस्ते अरुंद आहेत, पुष्कळ ठिकाणीं कडेला पायवाट नाहीं, आणि उंसामुळें वळणापलीकडचें दिसत नाहीं. म्हणून मुख्य हमरस्ते टाळावे, भडक रंगाचे कपडे घालावे, डोक्यावर शिरस्त्राण असावें, आणि सकाळीं सहा ते दहा हीच वेळ धरावी. सूर्य बारमहा साधारण सहाच्या सुमारास मावळतो व लगेच अंधार पडतो. डिसेंबर ते मे हा कोरडा काळ उत्तम. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत तुफानांचें भय असतें. २०२४ च्या जुलै महिन्याच्या पहिल्याच दिवशीं बेरिल तुफानानें तेथील कोळ्यांच्या होड्यांची मोठी हानि केली, आणि आपला विजयी संघही त्यामुळें तेथेंच अडकून पडला. बाथशिबाहून वर येणारा हॉर्स हिलचा चढ फार उभा आहे. तेथें उतरून चालण्यांत कमीपणा नाहीं. वडील मंडळींना विजेच्या साहाय्याची सायकल सोयीची पडेल. पूर्व किनाऱ्याच्या समुद्रांत मात्र कोणीं पोहूं नये. ओढ फार जबर असते.

शाकाहारी मंडळींनीं जेवणाची काळजी करूं नये, पण विचारून घ्यावें. नीरफणस, रताळीं, भेंडी घालून केलेलें मक्याचें ‘कुकू’, आणि तुरीचे दाणे घातलेला भात हे तेथील घरगुती पदार्थ आहेत. भातांत पुष्कळदां खारवलेलें मांस घालतात व कुकूबरोबर मासे वाढतात, म्हणून आधींच सांगावें. ही तूरही मूळची आपलीच. ती आफ्रिकेच्या वाटेनें गुलामांबरोबर तेथवर गेली.

ज्यांना केवळ विश्रांति हवी, त्यांनीं किनाऱ्यावर खुशाल पडून राहावें; त्यांत दोष नाहीं. परंतु मुलानातवंडांना घेऊन इतक्या दूर जावयाचें, तर त्यांतील तीन सकाळी सायकलीला द्याव्या. नातवानें एखाद्या दगडांवरच्या घराकडे बोट दाखवून ‘याला पाया कां नाहीं?’ असें विचारलें, तर आजोबांनीं तेथेंच थांबून त्याला उत्तर द्यावें. पुढचा चढ थोडा उशिरां चढला तरी चालेल.