उन्हाच्या बेटावरचा नाताळ

डिसेंबर लागला की युरोपातल्या वृत्तपत्रांत एक ठरावीक प्रकारचे लेखन दिसू लागते. लंडन किंवा हॅम्बर्गचे दुपारी चारलाच काळवंडणारे दिवस मागे टाकून मायोर्कासारख्या स्पॅनिश बेटावर येऊन राहिलेले कोणी तरी तिथल्या नाताळाची हकिगत लिहिते. अंगणात मांडलेले जेवण, संत्र्यांनी लगडलेली झाडे, नाताळच्या सकाळी समुद्रात मारलेली बुडी, आणि मायदेशी बर्फात अडकलेल्या नातेवाइकांविषयीची थोडी खट्याळ कीव असा त्याचा ऐवज असतो. जुने दगडी घर विकत घेऊन ते दुरुस्त करण्याची कथाही बहुधा असते आणि गवंडी सांगितलेल्या दिवशी कधीच येत नाही ही तक्रार असते. त्या गवंड्याचा नाताळ मात्र या लेखनात कधी येत नाही.

हे लेखन निरुपद्रवी आहे, त्याकडे इतक्या गांभीर्याने कशाला पाहायचे, असे कोणी म्हणेल. परंतु या हलक्याफुलक्या लेखनामागे जवळजवळ दोनशे वर्षांची वाङ्मयीन परंपरा आहे आणि तिच्यात काही मोठी नावे आहेत. आपल्याकडे ‘डायस्पोरा’ साहित्य शिकवताना आपण बहुतेक वेळा गरजेपोटी देश सोडलेल्यांचा विचार करतो. आवडीने, ऊन आणि स्वस्ताई पाहून देश सोडणारा माणूसही स्थलांतरितच असतो. पण त्याला तसे कोणी म्हणत नाही. मायोर्कात शेतात राबणारा मोरोक्कन ‘स्थलांतरित’ आणि तिथेच व्हिला घेणारा जर्मन ‘परदेशस्थ’, हा भेद आपल्या मराठीतही नकळत उतरलेला आहे. या दुसऱ्या वर्गाचे साहित्य कोणत्या कसोटीवर पारखावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

परंपरेचा आरंभ जॉर्ज सँडपासून धरता येईल. नोव्हेंबर १८३८ मध्ये ती आपली दोन मुले आणि आजारी शोपँ यांना घेऊन पाल्मा बंदरात उतरली. पहिले काही दिवस स्वप्नवत होते. निळे आकाश, ताडाची झाडे आणि उबदार हवा यांविषयी शोपँने पॅरिसच्या मित्राला हर्षभराने कळवले. मग पाऊस सुरू झाला. त्यांनी भाड्याने घेतलेल्या घराचे नावच ‘सोन व्हेंट’, म्हणजे वाऱ्याचे घर, असे होते. भिंती ओलावल्या, शोपँचा खोकला वाढला, क्षयाची भीती गावभर पसरली आणि मालकाने घर सोडायला सांगितले. डिसेंबरच्या मध्यावर हे कुटुंब डोंगरातल्या वाल्देमोसा गावच्या मठात राहायला गेले. १८३५ मध्ये सरकारने तिथल्या भिक्षूंना बाहेर काढले होते आणि रिकाम्या झालेल्या खोल्या भाड्याने मिळत होत्या. त्या वर्षीचा नाताळ त्यांनी तिथे काढला. नाताळनंतर तीनच दिवसांनी लिहिलेल्या पत्रात शोपँने आपल्या खोलीला उंच शवपेटीची उपमा दिली आहे. त्याच खोलीत त्याने आपली चोवीस प्रेल्यूड्स पूर्ण केली आणि फेब्रुवारी १८३९ मध्ये सारे परत गेले.

या हिवाळ्यावर सँडने लिहिलेले ‘मायोर्कातील एक हिवाळा’ १८४१ मध्ये आधी नियतकालिकातून आणि पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. निसर्गवर्णनाच्या दृष्टीने हे पुस्तक आजही वाचनीय आहे. दरी, ऑलिव्हची वाकडीतिकडी खोडे, ढगांतून उतरणारा प्रकाश यांवर तिची लेखणी लोभावून जाते. माणसे आली की तीच लेखणी कडवट होते. बेटाचे लोक आळशी, लबाड आणि मागासलेले ठरतात. त्यांना उद्देशून माकडांची उपमाही येते. हे कुटुंब चर्चकडे फिरकत नव्हते आणि गावाने त्यांच्याशी अंतर राखले. त्या अंतराचा अर्थ सँडने धर्मभोळेपणा असा लावला. भूमी स्वर्गीय आणि तिथला माणूस मात्र त्या स्वर्गातला अडथळा, हे सूत्र तिने घालून दिले. गवंडी वेळेवर न येण्याची आजची तक्रार त्याच सूत्राची सौम्य आवृत्ती आहे.

सँडवर अन्याय होऊ नये म्हणून हे सांगितले पाहिजे की तिचा राग निराधार नव्हता. परक्या मुलखात मरणाच्या दारातल्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्या आणि संसर्गाच्या भीतीने घराबाहेर काढल्या गेलेल्या बाईचे ते पुस्तक आहे. पण गावकऱ्यांच्या बाजूने पाहिले तर क्षयाची भीतीही निराधार नव्हती. ही दुसरी बाजू तिच्या पुस्तकात शिरत नाही, आणि त्या पुस्तकाचे खरे वाङ्मयीन वैगुण्य मला इथेच दिसते. वर्णन करणारी वर्णिलेल्यांना बोलू देत नाही.

त्यांनी बोलण्याचा प्रयत्न केला, हे मात्र कमी जणांना ठाऊक असते. होसे मारिया क्वाद्रादो या विशीतल्या तरुण अभ्यासकाने १८४१ मध्येच ‘ला पाल्मा’ या साप्ताहिकात सँडला जाहीर प्रत्युत्तर दिले. त्यात बेटाच्या बाजूचा युक्तिवाद आहे. परंतु शेवटी त्याचा तोल जातो आणि तो लेखिकेच्या खासगी नीतिमत्तेवर घसरतो. दुखावलेल्या समाजाला स्त्रीच्या चारित्र्यावर बोट ठेवण्याखेरीज दुसरे शस्त्र सुचू नये, ही त्या प्रत्युत्तराची मर्यादा आहे. तरीही त्याचे अस्तित्व महत्त्वाचे आहे. सँडचे पुस्तक आज वाल्देमोसाच्या दुकानांत अनेक भाषांत विकले जाते; त्यातले किती वाचक क्वाद्रादोचे नाव ऐकतात?

हे नाव इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचवले ते दुसऱ्या एका परदेशस्थाने. रॉबर्ट ग्रेव्ह्ज १९२९ मध्ये मायोर्कातल्या देया या डोंगरी गावात आला, यादवी युद्ध सुरू होताच ऑगस्ट १९३६ मध्ये ब्रिटिश युद्धनौकेवरून निघून गेला, १९४६ मध्ये परतला आणि १९८५ मध्ये तिथेच वारला. त्याने सँडच्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद १९५६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात जागोजागी तिला खोडून काढणाऱ्या टीपा जोडल्या आणि क्वाद्रादोचे प्रत्युत्तरही छापले. अनुवादकाने मूळ लेखिकेशी इतके भांडावे हे विचित्र वाटेल; पण मला ही कृती परदेशस्थाच्या सभ्यतेचा नमुना वाटते. एकाच पुठ्ठ्यात आरोप आणि उत्तर ठेवून त्याने वाचकाला न्याय करायला बसवले. ग्रेव्ह्जच्या स्वतःच्या मायोर्काविषयक लेखनात गावकरी कधी कधी मजेदार पात्रे होऊन उरतात हे खरे आहे. या एका ग्रंथात मात्र त्याने बेटाला जागा दिली.

बेटाला स्वतःचा आवाज नाही असे थोडेच आहे? नाताळच्या आदल्या रात्री, २४ डिसेंबरला, मायोर्कातल्या चर्चमध्ये ‘सिबिलाचे गीत’ गायले जाते. एखादा मुलगा किंवा मुलगी लांब अंगरखा घालून, चेहऱ्यासमोर उभी तलवार धरून एकट्याने ते गाते. भाषा कातालान, चाल मध्ययुगीन, आणि विषय बाळ येशूच्या जन्माचा नव्हे, तर अखेरच्या न्यायाचा आहे. ख्रिस्तपूर्व जगातली एक भविष्यवादिनी सांगते की राजा येईल आणि प्रत्येकाला त्याच्या कर्माप्रमाणे फळ देईल. गीत संपताना तलवारीने हवेत क्रूस काढला जातो. सोळाव्या शतकात चर्चच्या सुधारणांच्या लाटेत अशा गीतांवर बंदी आली आणि युरोपात ती बहुतेक ठिकाणी लोपली. मायोर्काने ते टिकवले. युनेस्कोने २०१० मध्ये त्याचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. नंतर लोक बाहेर पडतात आणि गरम चॉकलेट व एन्साइमादा खातात. भेटवस्तूंचा दिवस पुढे असतो. ५ जानेवारीच्या संध्याकाळी पूर्वेचे तीन राजे पाल्मा बंदरात बोटीने उतरतात.

आता या नाताळाशेजारी परदेशस्थांचा नाताळ ठेवून पाहावा. एका ठिकाणी ऊन हाच उत्सवाचा विषय असतो. दुसरीकडे थंड दगडी चर्चमध्ये एक मूल जमलेल्यांना त्यांच्या हिशेबाची आठवण करून देत असते. मी धार्मिक अर्थाने बोलत नाही. पण ज्या बेटाला आपण निवांतपणाचे दुसरे नाव समजतो, त्याची स्वतःची सर्वांत पवित्र रात्र न्यायाविषयी बोलते, ही गोष्ट त्या बेटावर लिहिणाऱ्याला ठाऊक असायला हवी.

ती ज्याने ओळखली असे मला वाटते, तो लेखक म्हणजे जॉर्ज बेर्नानोस. हा फ्रेंच कादंबरीकार पैशांच्या तंगीमुळे, स्वस्त राहणीसाठी १९३४ मध्ये मायोर्कात आला. तो कट्टर कॅथलिक आणि राजेशाहीवादी होता; बंडखोर सेनापतींविषयी त्याला आरंभी सहानुभूती होती आणि त्याचा मुलगा फालांखे पक्षात सामील झाला होता. परंतु १९३६ च्या उन्हाळ्यापासून रात्री घराघरांतून माणसे उचलली जाऊ लागली आणि बेर्नानोसने नजर वळवली नाही. मार्च १९३७ मध्ये बेट सोडल्यावर त्याने लिहिलेले पुस्तक १९३८ मध्ये आले. त्यात स्वतःच्याच बाजूच्या लोकांवर आणि हत्यांना मूक संमती देणाऱ्या धर्मसत्तेवर आरोप होते. सँडप्रमाणे तोही परका होता आणि निघून जाऊ शकत होता. फरक इतकाच की आपल्याला निघता येते आणि इतरांना येत नाही, याची त्याला लाज वाटली.

कोणाला निघता आले नाही याचे एकच उदाहरण देतो. ऑरोरा पिकोर्नेल ही पाल्माच्या एस मोलिनार या किनाऱ्यालगतच्या कामकरी वस्तीतली शिवणकाम करणारी कम्युनिस्ट कार्यकर्ती. ५ जानेवारी १९३७ च्या रात्री, मुले तीन राजांची वाट पाहतात त्याच रात्री, वस्तीतल्या इतर काही स्त्रियांसह तिला ठार मारण्यात आले. तिच्या अवशेषांची ओळख २०२२ मध्ये पटली. तेच मोलिनार आज परदेशी खरेदीदारांच्या आवडीची वस्ती आहे. कोळ्यांच्या बसक्या घरांच्या किमती तिथल्याच माणसांच्या आवाक्याबाहेर गेल्या आहेत. २०२४ च्या मे महिन्यात हजारो लोक पाल्माच्या रस्त्यांवर उतरले, तेव्हा त्यांची घोषणा होती, ‘मायोर्का विकाऊ नाही’. हिवाळ्यात किनाऱ्यावरची हॉटेले बंद होतात आणि हंगामी कामगार बेकारभत्त्यावर मार्चची वाट पाहतात. परदेशस्थाच्या लेखात ज्या ‘शांत, रिकाम्या किनाऱ्या’चे कौतुक असते, त्याची शांतता अशी आलेली असते.

म्हणून प्रत्येक नाताळलेखात यादवी युद्ध आणावे काय? तसे माझे म्हणणे नाही. उन्हाचा आनंद खरा आहे आणि तो लिहिण्याचा हक्क कोणालाही आहे. उत्तरेकडच्या अंधारात हाडे गोठलेल्या वृद्धाला डिसेंबरात अंगणात जेवता येणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. स्थानिक माणसाचे दुःख हौसेने सजवून मांडणारे परदेशस्थही असतात; ते सँडपेक्षा कमी सभ्य म्हणावे लागतील. माझी अपेक्षा साधी आहे. असा लेख किंवा पुस्तक वाचताना विद्यार्थ्याने एक प्रश्न विचारावा: ज्यांच्याविषयी हे लिहिले आहे, त्यांना लेखकाविषयी काय वाटते, हे या मजकुरातून कळते का? सँडकडून कळत नाही. ग्रेव्ह्जच्या अनुवादात टीपांतून आणि प्रत्युत्तरातून कळते. बेर्नानोसच्या पुस्तकात तर लेखक स्वतःच आरोपींच्या बाकावर जाऊन बसतो.

ही कसोटी आपल्याही उपयोगाची आहे. परदेशस्थ मराठी लेखकांनी परमुलखातल्या ऋतूंविषयी, सणांविषयी लिहिलेले आपण कौतुकाने वाचतो. त्यांच्या शेजाऱ्याचे मत त्यात कुठे येते का, हे पाहण्याची सवय आपल्या समीक्षेने अजून लावून घेतलेली नाही. येत्या २४ डिसेंबरला मायोर्कातले एखादे मूल पुन्हा तलवार धरून उभे राहील. ते गाणे बेटाच्या भाषेत असेल, आणि ते ऐकायला चर्चचे दार परक्यालाही उघडे असते.