झाड काढण्याची मजुरी लाकडातून नको



पावसाळा तोंडावर आला की कोकणात गावोगावी धोकादायक झाडांची चर्चा सुरू होते आणि दरवर्षी ती दोनच बाजूंनी रंगते: झाड तोडा किंवा झाड वाचवा. ते कोण तोडतो, कसं तोडतो आणि त्याची मजुरी कुठून निघते, हे कुणी विचारत नाही. खरी मेख त्या मजुरीतच आहे. ग्रामीण भागात झाड काढण्याचा व्यवहार बहुतेक वेळा लाकडावर ठरतो. व्यापारी उभं झाड घेतो. माणसं त्याची, कटर त्याचा, लाकूडही त्याचंच. मालकाच्या हातात वर चार पैसे पडतात. त्यामुळे साग, फणस, आंबा अशा भाव असलेल्या झाडांना, ती ठणठणीत असली तरी, गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. शाळेच्या कौलांवर झुकलेला पोकळ गुलमोहर मात्र तसाच राहतो, कारण त्याचं लाकूड कुणाला नको असतं आणि काम जोखमीचं असतं. धोका किती आहे यावर ठरायला हवं ते लाकडाला काय मिळेल यावर ठरतं.

कायद्याचा इथे फारसा उपयोग नाही. शहरांसाठी १९७५चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, त्याखाली वृक्ष प्राधिकरणं आहेत, २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जाही मिळाला. गावाच्या वाट्याला येतो १९६४चा वृक्षतोड नियमन कायदा. त्यात ठरावीक जातींची झाडं तोडायला परवानगी घ्यावी लागते, एवढंच. झाड राखायचं कसं, फांदी कुठून कापायची, हे सांगणारा माणूस या व्यवस्थेत कुठेच नाही. म्हणून विजेच्या तारांखाली, घरांच्या वळचणीला आणि रस्त्याकडेला छाटणीच्या नावाखाली शेंडे उडवले जातात. असं बोडकं केलेलं झाड जोमाने फुटतं, पण ते नवे फुटवे सालीलगतच्या थरातून आलेले असतात; त्यांची पकड वरवरची राहते आणि आतला कापलेला भाग कुजत जातो. चार-पाच वर्षांनी तेच फुटवे वाऱ्यात निखळतात. धोका कमी करायला केलेल्या कामानेच तो वाढतो! अमेरिकी वनसेवेतले शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडं चिरून दाखवून दिलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून बंदिस्ती करतं. म्हणून फांदी खोडाला घासून कापायची नाही आणि लांब खुंटही ठेवायचा नाही. फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या किंचित बाहेर काप द्यायचा. जड फांदीला आधी खालून खाच, मग थोडं पुढे वरून काप, शेवटी उरलेला खुंट. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल सोलत नेते. हे शिकायला पदवी लागत नाही, पण कुणीतरी शिकवावं लागतं.

पिढ्यानपिढ्या झाडावर चढणाऱ्यांना आता शिकवायचं काय, असा आक्षेप येईल. माडावर सरसर चढणाऱ्या पाडेल्याचं कसब वादातीत आहे. परंतु माडाला फांद्या नसतात, आणि तारांवर ओणवलेल्या वडाची फांदी दोराने तोलत उतरवणं हे वेगळं काम आहे. शिवाय त्या माणसाला विमा कोण देतो? नारळ विकास मंडळाने २०११पासून माडावर चढण्याचं प्रशिक्षण, यंत्र आणि अपघात विमा एकत्र देऊन तरुणांची फळी उभी केली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने जुन्या आंबाबागांच्या पुनरुज्जीवनासाठी शास्त्रीय छाटणी बसवून दिली आहे. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावणं बागायतदारांना नवं नाही. म्हणजे ज्ञान इथेच आहे. ते उत्पन्न देणाऱ्या झाडापाशी येऊन थांबलंय.

वादळापुढे कुणाचं चालतं, हा दुसरा आक्षेप निम्मा खरा आहे. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-दापोली पट्ट्यातल्या निरोगी बागाही आडव्या झाल्या; कुठल्याही छाटणीने त्या वाचल्या नसत्या. पण साध्या वळवाच्या वाऱ्यात पडणारं झाड बऱ्याचदा आधी सांगून पडतं: बुंध्यावर उगवलेली कडक अळंबी, दुबेळक्यातली चीर, एका बाजूने उचललेली माती. गटारासाठी जेसीबीने बुंध्यालगत चर मारला असेल तर विचारायलाच नको. मुळं बहुतांशी वरच्या मीटरभर मातीतच पसरलेली असतात, एवढं ठाऊक असलेला माणूस तिथे हजर असता तर चर दोन हात सरकला असता.

राहिला पैशाचा प्रश्न. एकेका ग्रामपंचायतीला असा जाणकार माणूस ठेवणं झेपणार नाही, हे उघड आहे. म्हणून तालुक्याला एक प्रशिक्षित, विमाधारक पथक असावं. सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यात ती आठच होतील. सार्वजनिक जागेवरच्या कामासाठी पथकाला ठरलेली रोजंदारी मिळावी आणि लाकडाचा लिलाव नंतर वेगळा होऊन ती रक्कम ग्रामपंचायतीत जमा व्हावी. शेतकऱ्याच्या खाजगी झाडावर यातून नवी परवानगी लादायची नाही. त्याला हवं असेल तर पैसे भरून पथक बोलावता यावं. आणि धोकादायक झाडांची पाहणी मे महिन्याच्या धांदलीत नको. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात केली, तर कामाला सात महिने मिळतात.

– एक वाचक, सिंधुदुर्ग