सगळं खापर भूगोलाच्या माथी?

सध्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. देशांचं नशीब भूगोल ठरवतो म्हणे. रशियाला सपाट मैदानाची भीती, इंग्लंडला समुद्राचं संरक्षण वगैरे. ऐकायला झकास आहे, अर्धं खरंही आहे. पण त्याखाली आपल्याकडच्या एका पुढाऱ्याच्या कार्यकर्त्याने लिहिलं, "बघा, दुष्काळ हा आपला भूगोलच आहे, सरकार काय करणार?" इथं माझं डोकं फिरलं.

मान्य, सह्याद्री ढग अडवतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या दहिवडीला पाचशेच्या आसपास. जिल्हा एकच, सातारा! हा झाला भूगोल. आता पुढचं ऐका. कोयना मुळात पूर्वेला, कृष्णेकडे वाहणारी नदी. तिचं पाणी डोंगर पोखरून पश्चिमेला पोफळीकडे नेलं, वीज केली आणि वाशिष्ठीतून समुद्रात सोडलं. लवादाने त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी मंजूर केलंय. मुळशीचं पाणीही तसंच भिऱ्याला उतरतं, आणि ते भीमेच्या खोऱ्यातलं. त्या धरणासाठी जमिनी गेल्या तेव्हा सेनापती बापटांनी सत्याग्रह केला होता. साल १९२१.

त्या विजेवर मुंबई उजळली, कारखाने चालले, मी नाकारत नाही. पण शहराला वीज हवी तेव्हा सह्याद्री आडवा आला नाही, नदी उलटी फिरवता आली. माणदेशाला पाणी द्यायची वेळ आली की मात्र लगेच "चढ आहे, पंपाचं वीजबिल कोण भरणार?" जिहे-कठापूरला मंजुरी मिळाली नव्वदच्या दशकात. पाणी माणमध्ये पोचायला पाव शतक गेलं. एवढा वेळ डोंगराने खाल्ला का फायलींनी?

इतिहासाचंही तेच. शिवरायांना सह्याद्रीने साथ दिली हे खरं, पण जावळीचं रान आणि ते कडे आदिलशाहीच्या काळातही तिथंच होते ना? मग स्वराज्य आधी का नाही झालं? हॉलंडची पाव जमीन समुद्रसपाटीखाली आहे, तरी तिथले लोक बांध घालून शेती करतात. कोरियाचं तर एकच द्वीपकल्प, उत्तर-दक्षिण हवामानात थोडा फरक, पण दोन राजवटींनी दोन वेगळी जगं केली.

पुढच्या सभेत कुणी "आपला भूगोलच असा" म्हणालं, तर उभं राहून एवढंच विचारा: कोयनेचा बोगदा कुणी पाडला, आणि आमच्या कालव्याचं काम कुठवर आलंय?