शेजारच्या खुर्चीवर कोण?

गणेशोत्सवात गल्लीच्या तोंडाशी पांढरा पडदा ताणून दाखवलेले चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. पुढे जागा न मिळालेली मंडळी पडद्यामागे बसून उलटे चित्र पाहत. त्या चित्रपटाचे नाव आज कदाचित आठवणार नाही. शेजारी कोण बसले होते, ते मात्र आठवेल.

असाच उघड्यावर, जुन्या स्नेह्यांसमवेत पाहावा असा एक फ्रेंच चित्रपट आहे : क्लोद सोते यांचा १९७४ सालचा ‘व्हँसाँ, फ्रान्स्वा, पॉल आणि इतर’. मध्यमवयीन मित्र सुट्टीच्या दिवशी पॉलच्या गावाकडील घरी जमतात. एकदा भर जेवणात डॉक्टर फ्रान्स्वाचा तोल सुटतो आणि कडाक्याचे भांडण होते. इव्ह माँताँ यांनी साकारलेल्या व्हँसाँचा लहानसा कारखाना कर्जात बुडतो. पुढे त्याला हृदयविकाराचा झटका येतो. मित्रांना त्याचे नुकसान भरून काढता येत नाही; तरी त्यांचे एकत्र येणे थांबत नाही.

भिवंडीत यंत्रमागाच्या धंद्यातील मंदी आणि उधारी सोसलेल्यांना व्हँसाँ परका वाटणार नाही. येथील ज्येष्ठांची आणखी एक अडचण आहे. मागांच्या खडखडाटात वर्षानुवर्षे काम केल्याने श्रवणशक्ती क्षीण होते. बोलणे नीट ऐकू येत नाही, पुन्हा पुन्हा विचारण्याचा संकोच वाटतो, म्हणून माणूस कट्ट्यावर जाणेच सोडतो. घरच्यांना वाटते, ‘आताशा त्यांना कोणी आवडत नाही.’ तसे गृहीत धरण्यापूर्वी कानांची तपासणी अवश्य करून घ्यावी.

थंडीच्या दिवसांत इमारतीच्या अंगणात किंवा गच्चीवर असा खेळ योजता येईल. ज्येष्ठांसाठी हात असलेल्या खुर्च्या मांडाव्यात. शाल, पाणी आणि डासांपासून संरक्षण यांची सोय असावी. जिना व स्वच्छतागृहाची वाट उजेडात ठेवावी. मधुमेहींचे जेवण व औषध वेळेवर व्हावे. चित्रपट सुमारे दोन तासांचा असल्याने मध्यंतर द्यावे. पडद्यावरील इंग्रजी ओळींचा आशय नातवंडांनी मराठीतून मोठ्याने सांगावा.

छातीवर दाब, दरदरून घाम किंवा धाप जाणवल्यास ‘पित्त झाले असेल’ म्हणून थांबू नये. १०८ क्रमांकावर तत्काळ संपर्क साधावा. वृद्धांत व मधुमेहींत छातीत न दुखताही झटका येऊ शकतो.

काळजीवाहक बंधुभगिनींनो, आपल्या सेवेत कोणतीही उणीव नसेल. तरीही चाळीस वर्षांपूर्वीची थट्टा समजणारे माणूस घरात असतेच असे नाही. या पंधरवड्यात वडिलांना किंवा आईला एका जुन्या स्नेह्याचे नाव विचारा, त्यांना दूरध्वनी लावून द्या आणि त्यांना आणण्या-पोहोचवण्याची जबाबदारी आपण घ्या. चित्रपट कोणता लावायचा, ते दोघे मिळून ठरवतील.